टर्मिनल जुनं कधी होतं? लोहगावपासून पुरंदरपर्यंत

पुण्याचं नवीन टर्मिनल १४ जुलै २०२४ रोजी प्रवाशांसाठी खुलं झालं. त्याआधीच्या आर्थिक वर्षात लोहगाव विमानतळावरून सुमारे ९५ लाख प्रवाशांनी ये-जा केली होती. पुढच्या वर्षी हा आकडा एक कोटीच्या वर गेला. त्यातच पुण्याच्या दुसऱ्या विमानतळासाठी पुरंदर तालुक्यात होणाऱ्या भूसंपादनाच्या बातम्या येतच आहेत. साहजिकच लोक विचारतात: आत्ताच तर एवढं मोठं टर्मिनल बांधलं, मग आणखी एक विमानतळ कशाला? आणि कोट्यवधी रुपये ओतून बांधलेली इमारत पाच-दहा वर्षांत अपुरी पडणार असेल, तर ती आखणारे नेमकं काय करत होते?

प्रश्न रास्त आहेत. ज्यांची जमीन जाणार आहे आणि ज्यांच्या तिकिटातून पैसे वसूल होणार आहेत, त्या सगळ्यांना त्यांची नीट उत्तरं मिळायला हवीत. ती समजून घ्यायला विमानशास्त्र यावं लागत नाही. टर्मिनल कशाच्या हिशेबावर बांधतात आणि तो हिशेब कशामुळे कोसळतो, एवढं कळलं तरी पुष्कळ आहे.

टर्मिनल म्हणजे अख्खं विमानतळ नव्हे

आपण ज्या इमारतीत शिरतो, बॅग देतो, तपासणी करून घेतो आणि विमानाची वाट बघतो, ती टर्मिनल. तिच्या पलीकडे विमानं उभी राहतात ती जागा म्हणजे एप्रन, आणि एप्रनवर एकेका विमानासाठी आखलेली जागा म्हणजे पार्किंग बे. तिथून धावपट्टीपर्यंत नेणारे रस्ते म्हणजे टॅक्सीवे. शेवटी धावपट्टी, आणि तिच्यावरचं आकाश.

प्रवासी या सगळ्या साखळीतून जातो, त्यामुळे विमानतळाची क्षमता ठरते ती साखळीतल्या सगळ्यांत कमकुवत कडीवरून. टर्मिनल दुप्पट केलं आणि धावपट्टीवर तासाला पूर्वीइतकीच विमानं उतरली, तर प्रवाशाला बसायला खुर्ची मिळेल, पण जास्त विमानं मिळणार नाहीत. पुण्याची गोष्ट समजून घेताना हे मनात पक्कं धरून ठेवायला हवं.

इमारत केवढी बांधायची हे कसं ठरतं?

बातम्यांमध्ये नेहमी वार्षिक आकडा येतो. जुनी आणि नवी इमारत मिळून पुण्याची क्षमता वर्षाला सुमारे १ कोटी ६० लाख प्रवासी आहे, असं सांगितलं गेलं. पण इमारतीचा आकार वर्षावर ठरत नाही, गर्दीच्या तासावर ठरतो. विमानतळाचे अभियंते त्याला पीक अवर म्हणतात.

मंगल कार्यालय घेताना आपण काय विचारतो? दिवसभरात किती माणसं जेवतील, यापेक्षा एका पंगतीला किती पानं बसतात हे महत्त्वाचं. हजार पाहुणे सकाळी अकरा ते दुपारी तीन असे विखरून आले तर मध्यम हॉल पुरतो. मुहूर्त लागला आणि सगळे एकदम उठले, तर मोठा हॉलही कमी पडतो. त्यात पंगत लवकर उठली नाही, तर दारात खोळंबा ठरलेलाच.

टर्मिनलमध्येही दोनच गोष्टी मोजायच्या असतात: तासाला किती लोक येतात आणि प्रत्येक जण आत किती वेळ थांबतो. समजा तासाला १,५०० प्रवासी येत आहेत आणि प्रत्येक जण सरासरी दीड तास आत असतो. म्हणजे एका वेळी इमारतीत २,२५० लोक असणार. आता दिल्लीत धुकं पडलं, विमानं उशिरा आली आणि थांबण्याची वेळ अडीच तासांवर गेली. येणारे प्रवासी तेवढेच आहेत, पण आतले लोक ३,७५० झाले. प्रवासी एकानेही वाढला नाही आणि तरी लोक जमिनीवर बसलेले दिसू लागले. हिवाळ्यात पुण्यात बसलेल्या माणसाला उत्तरेतल्या धुक्याचा त्रास होतो, तो असा.

मग वर्षातल्या सगळ्यांत वाईट तासासाठीच इमारत का बांधत नाहीत? कारण ती उरलेले सगळे दिवस अर्धी रिकामी राहील. म्हणून जगभर नियोजनकार दिवाळीच्या सुट्टीतला सगळ्यांत भयंकर तास बाजूला ठेवतात आणि त्याच्या थोडा खालचा, पण वारंवार येणारा गर्दीचा तास धरतात. याचा अर्थ असा की वर्षातले काही तास इमारत तुंबणार, हे तिच्या आराखड्यातच मान्य केलेलं असतं. मला वाटतं, उद्घाटनाच्या भाषणांत हे एकदा तरी स्पष्ट सांगायला हवं. लोक समजून घेतात. क्षमतेचा एकच भला मोठा आकडा त्यांच्यासमोर ठेवला की त्यांची फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

भिंती शाबूत असताना टर्मिनल जुनं कसं होतं?

सिमेंट-लोखंडाची इमारत पन्नास वर्षं सहज उभी राहते. टर्मिनल मात्र बहुतेक वेळा त्याच्या खूप आधी निकामी ठरतं, कारण ते बांधताना विमानांविषयी, तपासणीविषयी आणि माणसांच्या सवयींविषयी काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात आणि त्या बदलतात.

याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं आहे. तिथलं विमानतळ १९७२ मध्ये सुरू झालं. कल्पना फार सुंदर होती: अर्धवर्तुळाकार, अरुंद अशी तीन टर्मिनल. गाडीतून उतरायचं, दारातून आत शिरायचं, चार पावलं चालायचं की समोर विमान. प्रवाशाला चालवायचं नाही, हाच त्या आराखड्याचा प्राण होता. पण त्याच काळात विमान अपहरणाच्या घटना वाढल्या आणि १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. दार आणि विमान यांच्यामध्ये तपासणीला जागाच ठेवलेली नव्हती. एका मोठ्या तपासणी केंद्राऐवजी दर काही गेटांमागे वेगळी तपासणी उभारावी लागली. तपासणीनंतरच्या भागात स्वच्छतागृह आणि खाण्यापिण्याच्या सोयींची वानवा झाली, कारण तिथे लोक थांबतील हे कोणी धरलंच नव्हतं. उघडल्यावर वर्षभरातच त्या इमारतीचं मूळ गृहीतक मोडलं. तरी शहराने ती पन्नास वर्षं ओढली, आणि २०२३ मध्ये तिथे एकच मोठं नवीन टर्मिनल सुरू झालं.

आराखडा काढणाऱ्यांची यात चूक काढता येत नाही. त्यांनी त्या वेळच्या प्रवाशाचा विचार मनापासून केला होता.

दुसरं कारण विमानांचा आकार. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर टीडब्ल्यूए कंपनीचं टर्मिनल १९६२ मध्ये उघडलं. वास्तुविशारद एरो सारिनेन यांनी काँक्रीटच्या कवचांतून पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी इमारत घडवली होती. आठ वर्षांनी, १९७० मध्ये, बोइंग ७४७ हे जंबो जेट सेवेत आलं. एका विमानातून साडेतीनशेहून जास्त लोक उतरू लागले आणि आधीच्या लहान विमानांच्या हिशेबाने बांधलेल्या जागा अपुऱ्या पडल्या. टीडब्ल्यूए कंपनी बुडाली, २००१ मध्ये टर्मिनल बंद झालं. सुदैवाने ते पाडलं नाही. २०१९ पासून तिथे हॉटेल आहे.

आता उलट बाजू बघा. एअरबस ए३८० या दुमजली विमानासाठी अनेक विमानतळांनी वरच्या मजल्यालाही जोडणारे खास एरोब्रिज, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानात नेणारे पूल, बांधले, आणि २०२१ मध्ये त्या विमानाचं उत्पादनच थांबलं. बोइंगने मात्र असलेल्या जागांचाच विचार करून आपल्या नव्या ७७७एक्स विमानाच्या पंखांची टोकं दुमडणारी केली. उडताना पंखांचा पसारा ७१.८ मीटर, जमिनीवर ६४.८ मीटर, म्हणजे आत्ताच्या बे मध्ये ते मावेल. टर्मिनलच्या भिंती हलत नाहीत म्हणून विमानालाच पंख दुमडावे लागले.

आपल्याकडचे बदल लहान असले तरी तेही जागा मागतात. पूर्वी आत शिरल्याबरोबर मोठ्या बॅगा एक्स-रे यंत्रातून काढून त्यांना पट्टी बांधली जायची, मग काउंटरची रांग. नवीन टर्मिनलमध्ये बॅग काउंटरवर दिली की तिची तपासणी पट्ट्यावरच, आपल्या नजरेआड होते. हातातल्या बॅगेच्या टॅगवर शिक्का मारण्याची पद्धतही २०१७ पासून टप्प्याटप्प्याने गेली. मोबाइलवर चेक-इन आलं, चेहरा दाखवून प्रवेश देणारी डिजियात्रा २०२३ मध्ये पुण्यात आली. काउंटरसमोरची जागा मोकळी होऊ लागली आणि गर्दी सरकली ती सुरक्षा तपासणीच्या रांगेत. दहा वर्षांपूर्वी काउंटरांना भरपूर आणि तपासणीला बेताची जागा देणारा आराखडा आज उलटा वाटेल.

मग आधीच दुप्पट मोठं का बांधू नये?

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो. 'आपल्याकडे दूरदृष्टीच नाही,' असं म्हणून लोक मोकळे होतात.

मोठ्या इमारतीचा खर्च बांधून झाला की संपत नाही. रिकाम्या हॉललाही वातानुकूलन, वीज, सफाई आणि सुरक्षा लागते. हा पैसा बऱ्याच अंशी आपल्याच तिकिटातून जातो. तिकिटाच्या तपशिलात यूडीएफ, म्हणजे वापरकर्ता विकास शुल्क, अशी एक ओळ असते. मोठ्या विमानतळांसाठी हे दर केंद्राचं आर्थिक नियामक प्राधिकरण, एईआरए, ठरवतं. उद्याच्या प्रवाशासाठी आज बांधलेल्या जागेचा भार आजचा प्रवासी उचलतो.

शिवाय अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतात. कोविडआधी पुण्याची प्रवासीसंख्या ९० लाखांच्या घरात गेली होती. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची उड्डाणं बंद पडली, त्यानंतर वर्षभरात महासाथ आली आणि आकडा कोसळला. तिच्या आधी आखलेलं कोणतंही टर्मिनल त्या वर्षी अवाढव्य वाटलं असतं. तेच चार वर्षांनी लहान वाटायला लागलं.

कॅनडातल्या माँट्रियल शहराने दूरदृष्टीची परिसीमा केली होती. १९७५ मध्ये त्यांनी शहराबाहेर मिराबेल विमानतळ उघडलं. त्यासाठी सुमारे ९७,००० एकर जमीन ताब्यात घेतली होती आणि हजारो लोकांना घरं-शेती सोडावी लागली. हिशेब असा होता की युरोपहून येणारी विमानं इंधनासाठी माँट्रियलला थांबत राहतील आणि शहर वाढतच जाईल. विमानांचा पल्ला वाढला, ती थेट पुढे जाऊ लागली. टोरंटो हे मोठं केंद्र झालं. शहरातून मिराबेलला नेणारी जलद रेल्वे कधी झालीच नाही. त्यात आंतरराष्ट्रीय विमानं मिराबेलला आणि देशांतर्गत विमानं शहराच्या जुन्या डॉरव्हाल विमानतळाला, त्यामुळे विमान बदलणाऱ्यांचे हाल. शेवटी २००४ मध्ये मिराबेलची प्रवासी वाहतूक बंद झाली आणि पुढे टर्मिनल पाडलं गेलं. घेतलेल्या जमिनीपैकी बहुतांश जमीन सरकारने १९८०च्या दशकापासून परत दिली. ज्यांची शेती आणि गाव तोवर मोडून गेलं होतं, त्यांना तिचा किती उपयोग झाला असेल?

म्हणून चांगले नियोजनकार इमारत बेताची बांधतात आणि वाढायला वाट ठेवतात. इमारतीच्या एका बाजूला पुढचा भाग जोडता येईल अशी मोकळी जागा. आतल्या भिंती काढता येतील अशा. पार्किंगच्या खुणा अशा आखलेल्या की एका मोठ्या विमानाच्या जागेत गरजेनुसार दोन लहान विमानं उभी राहतील. पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे आंतरराष्ट्रीय उड्डाणं दिवसाला मोजकीच आहेत, तिथे दार इकडून बंद केलं की आंतरराष्ट्रीय आणि तिकडून बंद केलं की देशांतर्गत, अशी गेटं फार कामाची. नाहीतर इमिग्रेशनचा हॉल दिवसभर ओस आणि शेजारच्या हॉलमध्ये उभं राहायला जागा नाही. नवीन टर्मिनलच्या दर्शनी कमानी मलाही आवडतात. पण टर्मिनलचं आयुष्य ठरवणाऱ्या गोष्टी या अशा, फोटोत न येणाऱ्या असतात.

पुण्यात गाडी अडते कुठे?

लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. १९३९ मध्ये, मुंबईच्या संरक्षणासाठी, ब्रिटिशांनी तो उभारला. धावपट्टी हवाई दलाची, विमानांना उतरण्या-उडण्याच्या सूचना देणारा नियंत्रण कक्षही हवाई दलाचा. भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे ते टर्मिनल, एप्रन आणि त्याभोवतीचा भाग. लष्करी तळावरच्या अशा नागरी भागाला सिव्हिल एन्क्लेव्ह म्हणतात.

इथे सुखोई-३० लढाऊ विमानं असतात. त्यांचा सराव आणि प्रवासी विमानांची ये-जा एकाच मुख्य धावपट्टीवर बसवावी लागते. ती धावपट्टी २,५३५ मीटर लांब आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर आहे. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. उंचीवर आणि उन्हाळ्यातल्या तापलेल्या हवेत विमानाला उचल कमी मिळते आणि जास्त धावावं लागतं. दिल्ली-बंगळूरला जाणाऱ्या एअरबस ए३२० ला याची फारशी अडचण येत नाही. युरोपला जायला टाक्या भरून निघणाऱ्या मोठ्या विमानाला येते. पुण्याहून लांबच्या देशांना थेट विमान का नाही, याचं मोठं उत्तर या मीटरांमध्ये आहे.

एकाच धावपट्टीवर अवलंबून असणं म्हणजे काय, हे शहराने २०२१ मध्ये अनुभवलं. धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी १६ ते २९ ऑक्टोबर असे चौदा दिवस विमानतळावरची सगळी उड्डाणं बंद होती. त्या दिवसांत इथे जगातलं सर्वोत्तम टर्मिनल असतं, तरी एकही प्रवासी उडाला नसता.

नवीन टर्मिनलच्या बाबतीत आणखी एक कडी दिसली. उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झालं आणि पहिलं विमान जुलैत सुटलं. इमारत उभी होती. तपासणीसाठी लागणाऱ्या, विमानतळांची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफ या केंद्रीय दलाच्या वाढीव जवानांची मंजुरी यायची होती.

हवाई दलाचा तळच हलवला तर?

हे सुचवणारे बरेच आहेत. पण लढाऊ विमानांचा तळ म्हणजे फक्त धावपट्टी नसते. विमानांचे निवारे, दारूगोळ्याची कोठारं, दुरुस्तीच्या सोयी आणि मुंबई-पुणे पट्ट्याच्या संरक्षणाची आखणी त्याला जोडलेली असते. तो हलवायला नवीन विमानतळाइतकीच जमीन आणि वेळ लागेल. आणि धावपट्टी लांबवायची तर भोवती लोहगाव, धानोरी, विमाननगर दाटून वसलं आहे. धावपट्टीच्या रेषेत इमारतींच्या उंचीवर बंधनं लागतात, म्हणजे फक्त जमीन घेऊन भागत नाही. धावपट्टी वाढवण्यासाठी जे काही मीटर मिळतील ते घ्यावेत, हे माझं मत आहे, कारण साखळीतली हीच कडी कमकुवत आहे. त्याने प्रश्न पुढे ढकलला जाईल. मिटणार मात्र नाही.

पुरंदर झालं की लोहगाव बंद होईल?

हैदराबादचं बेगमपेट आणि बंगळूरचं एचएएल विमानतळ २००८ मध्ये नियमित प्रवासी विमानांसाठी बंद झालं. नवीन विमानतळ बांधणाऱ्या कंपन्यांशी झालेल्या करारात दीडशे किलोमीटरच्या आत स्पर्धक विमानतळ नको, अशी अट होती. गोव्यात तसं झालं नाही. तिथलं दाबोळी विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, म्हणजे आपल्या लोहगावसारखंच. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचं विमानतळ सुरू झालं आणि दाबोळीही चालू राहिलं, पण काही कंपन्यांनी आपली उड्डाणं मोपाला हलवली.

पुण्यात यातलं काय होणार, हे करारात काय लिहिलं जातं यावर ठरेल. म्हणून पुरंदरच्या करारातली ही एक अट प्रत्येक पुणेकराने वाचायला हवी. लोहगावची दोन्ही टर्मिनलं उद्या भरलेली राहतील की ओस पडतील, हे त्या ओळीत असेल.

आणखी एक हिशेब नवी मुंबईचा. तिथलं विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालं. हिंजवडी किंवा निगडीत राहणाऱ्या माणसाला शहर ओलांडून, दिवेघाट चढून पुरंदरला जाणं सोपं वाटेल, की द्रुतगती मार्गाने नवी मुंबई गाठणं? अंतर जास्त असलं तरी अनेक जण दुसरा पर्याय घेतील असं मला वाटतं. पुरंदरची प्रवासीसंख्या मांडताना हे प्रवासी वजा केले आहेत का, हे तपासलं पाहिजे. लोहगावलाही अजून मेट्रो थेट पोहोचलेली नाही, रामवाडीला उतरून पुढचं वाहन बघावं लागतं. जलद रेल्वेअभावी मिराबेल ओस पडलं, हे पुरंदरच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवायला हवं.

आणि जमीन

पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी: पुरंदरच्या विमानतळासाठी ज्यांची जमीन मागितली आहे ती ही सात गावं. हा अंजीर-सीताफळाचा पट्टा आहे. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. इथल्या लोकांचा विरोध हा विकासाला विरोध आहे, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पुण्याला दुसरी धावपट्टी लागणार आहे, हे वरचा सगळा हिशेब सांगतो आणि मला तो पटतो. पण धावपट्टीला लागणारी जमीन वेगळी आणि तिच्याभोवती माल-वाहतूक, गोदामं, हॉटेलं यांच्या नावाने राखून ठेवायची जमीन वेगळी. धावपट्ट्यांची जागा आणि त्यांच्यामधलं अंतर नंतर बदलता येत नाही, म्हणून ती सुरुवातीलाच घ्यावी लागते. टर्मिनल टप्प्याटप्प्याने वाढवता येतं. भोवतालची व्यापारी जमीन तर गरज सिद्ध झाल्यावरही घेता येते. सुरुवातीला मागितलेलं क्षेत्र पुढे बरंच कमी केलं गेलं, याचा अर्थ आकडा कमी करण्याला वाव होता.

म्हणून संपादनाच्या नोटिशीत प्रत्येक गटासमोर लिहिलेलं असावं की ही जमीन धावपट्टीसाठी आहे, टर्मिनलसाठी की व्यापारी वापरासाठी, आणि तिथे काम कोणत्या वर्षी सुरू होणार. ज्या गटासमोर वर्ष लिहिता येत नसेल, त्यावरचं अंजीर तोवर शेतकऱ्याला काढू द्यावं.